शून्याचं टोक

निघायच्या दिवशी सकाळी बायकोने भरलेली बॅग पुन्हा एकदा उपसली, आणि मोजणीदारांच्या डाव्या बुटात कोंबलेल्या मोज्यातून पन्नास फुटी टेप बाहेर निघाली. चामड्याच्या गोल डबीतली ती टेप मोजणीदारांनी जमीन मोजण्याच्या नोकरीत सदतीस वर्षं वापरली होती, आणि निवृत्तीच्या दिवशी खात्याला परत करायची विसरले होते. विसरलो, असं निदान ते सांगत.

"हे काय आहे?" बायकोने विचारलं.

"ती होय. बुटाचा आकार बिघडू नये म्हणून घातली असेल."

"कोणी?"

मोजणीदार खिडकीबाहेर बघू लागले. टॅक्सी अजून आली नव्हती. बायकोने टेप उचलून स्वतःच्या पर्समध्ये, चष्म्याच्या घराशेजारी टाकली आणि चेन ओढली. एवढ्यावर ती थांबली असती तर ती मोजणीदारांची बायको कसली.

"आता नीट ऐका," ती म्हणाली. "पाच दिवस एकही गोष्ट मोजायची नाही. टेपने नाही, काठीने नाही, वितीने नाही, पावलांनी तर नाहीच. मोजलीत, तर यापुढच्या सगळ्या सहली मी ताईबरोबर करणार. तुम्ही घरी बसा आणि घर मोजा."

तिचंही काही चुकत नव्हतं. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला गेली तेव्हा हॉटेलची खोली सांगितल्यापेक्षा नऊ इंच कमी भरते, हे मोजणीदारांनी पहिल्याच दिवशी सिद्ध केलं होतं. हॉटेलवाल्याने माफी मागून त्यांना मोठी खोली दिली. ती जनरेटरच्या बरोबर डोक्यावर होती. पुढे बायकोच्या ताईने हौसेने नवं घर घेतलं, तेव्हा सगळे पडद्यांचं कौतुक करत असताना यांनी भिंतीला भिंत लावून एक्केचाळीस चौरस फूट गायब असल्याचं जाहीर केलं. त्या दिवसापासून ताईने त्यांना दुसऱ्यांदा चहा कधी विचारला नाही. मोजणीदारांना कोणाचं वाईट करायचं नसे. खरं काय ते सगळ्यांना कळलं की लोक सुखी होतात, अशी त्यांची भाबडी समजूत होती, आणि इतक्या अनुभवानंतरही ती जराशीही ढिली झाली नव्हती.

सहल मुलीने दिली होती, आईबाबांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून. समुद्रकाठचं रिसॉर्ट, बाबांना गोल्फ, आईला स्पा. बाबांनी जन्मात गोल्फची काठी हातात धरली नव्हती आणि स्पामध्ये नेमकं काय करतात हे आईला ठाऊक नव्हतं, पण पॅकेज तसंच होतं. मोजणीदारांनी अट मान्य केली. बायकोची ताईबरोबर जायची धमकी पोकळ नाही हे त्यांना माहीत होतं, आणि बायको नसलेलं घर त्यांना सहन होत नसे. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. ते किती, हे सांगायला त्यांच्याकडे माप नव्हतं.

खरी अडचण टेपची नव्हतीच, पायांची होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी साहेबांनी त्यांच्याकडून मैदानात आखलेल्या रेघांवर महिनाभर चालून घेतलं होतं, तेव्हापासून त्यांचं पाऊल अडीच फुटांचं पडे. त्यात फरक नाही. आणि पाय पडला की आत कुठेतरी आकडा पडे. देवळात जाताना, दवाखान्यात जाताना, मुलीला सासरी पोचवून परत येतानासुद्धा पाय आपले मोजतच होते.

रिसॉर्टमध्ये पाऊल टाकल्याबरोबर ते सुरू झाले. गाडीपासून काउंटरपर्यंत चव्वेचाळीस. काउंटरपासून खोलीपर्यंत, नारळाच्या झाडांमधून जाणाऱ्या वळणावळणाच्या वाटेने, दोनशे सोळा. मोजणीदारांनी ओठ मिटून घेतले. हे मोजणं नव्हे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. हे फक्त आपोआप कळणं.

पहिल्या संध्याकाळी दोघं वाळूवर फिरायला गेली. दमट वारा होता, समुद्र शांत होता. मोजणीदार आपल्या मापाने चालत होते, आणि नेहमीप्रमाणे चार पावलं पुढे गेले.

"तुमच्याबरोबर फिरायला येणं म्हणजे तुमची पाठ बघायला येणं," बायको मागून म्हणाली.

ते थांबले. ती आली. दोघं पुन्हा निघाली, आणि बोलता बोलता ते पुन्हा चार पावलं पुढे. पाऊल आखूड करून पाहिलं तर आतला आकडा अडखळू लागला आणि मोजणीदारांना कसंनुसं झालं. बायकोने एक सुस्कारा सोडला आणि शिंपल्यांकडे बघत चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोल्फ सुरू झालं. मोजणीदारांच्या जोडीला एक अनुभवी पाहुणे दिले होते. कसल्यातरी कारखान्याचे मालक, डाव्या हातात पांढरा चामडी हातमोजा, आणि तो नाश्त्यालाही उतरत नसे. मोजणीदार मनातल्या मनात त्यांना हातमोजेसाहेब म्हणू लागले. सोबत दोघांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी होता, पंचेचाळिशीचा, शांत, रुंद टोपीतला. कोणत्या फटक्याला कोणती काठी घ्यायची हे सांगणं त्याचं काम. बारा वर्षं तो इथल्याच लाँड्रीत चादरींना इस्त्री करत होता. वाफेने छाती धरू लागली म्हणून अर्ज करून करून त्याने ही बदली मिळवली होती, तीही महिन्याभराच्या बोलीवर. पाहुण्यांनी तक्रार केली तर पुन्हा इस्त्री.

"काय साहेब, हवा किती मोकळी आहे बघा," तो मोजणीदारांना म्हणाला, आणि त्याने खरंच एक मोठा श्वास घेऊन दाखवला.

मोजणीदारांचा खेळ वर्णन करण्यासारखा नव्हता. पहिल्या होलला त्यांनी गवत उडवलं, दुसऱ्याला वाळू, तिसऱ्याला टोपी. सहाव्या होलला चेंडू लागला एकदाचा, आणि असा लागला की परत कोणाला दिसला नाही. त्यामुळे सातव्या होलला ते नुसते चालत होते, आणि तिथेच घात झाला.

सातवा होल सरळ होता. जिथून फटका मारायचा ती सपाट हिरवी जागा, समोर खड्ड्यात रोवलेला झेंडा, झेंड्याच्या मागे लगेच तळं. शेजारी पाटी: एकशेचाळीस यार्ड. यार्ड म्हणजे आपला वार, तीन फूट. कॅडीने पाटी वाचून सात नंबरची काठी दिली. हातमोजेसाहेबांनी सुरेख फटका मारला. चेंडू झेंड्यावरून अलगद गेला आणि तळ्यात पडला.

"वारा असेल साहेब," कॅडी म्हणाला.

वारा नव्हता. मोजणीदार झेंड्यापर्यंत चालत गेले आणि पाय थांबले तेव्हा आत आकडा होता दीडशे. दीडशे पावलं म्हणजे तीनशे पंचाहत्तर फूट. म्हणजे एकशे पंचवीस यार्ड. पंधरा यार्ड कुठे गेले, हा प्रश्न मोजणीदारांच्या छातीत तापल्या कढईसारखा चरचरला, आणि त्यांनी तो पाणी पिऊन विझवला.

दुपारी बायको स्पामधून आली ती वेगळीच. केसांना कसल्यातरी पानांचा वास, चेहरा सैल, खांदे खाली आलेले. ती पलंगावर बसली आणि तिने स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं.

"त्या बाईने माझे पाय चोळले," ती म्हणाली. "अर्धा तास. मला आधी लाज वाटली. मग मला झोप लागली."

"बरं झालं," मोजणीदार म्हणाले.

"तुमचं काय? काही मोजलंत?"

"गोल्फ अवघड आहे," मोजणीदार म्हणाले, आणि न्हाणीघरात गेले. ती फार सुखात दिसत होती. तिला असं बघायला त्यांनी काहीही केलं असतं. म्हणजे न मोजणंसुद्धा.

तिसऱ्या दिवशीही हातमोजेसाहेबांचा चेंडू तळ्यात गेला. या वेळी वाऱ्याचं नाव कोणी काढलं नाही. हातमोजेसाहेब कॅडीवर ओरडले, कॅडीने पुन्हा पाटी वाचली आणि पुन्हा काठीचा नंबर तपासला. बाकीचे जुने कॅडी पाटीकडे बघतच नसत, नजरेने झेंडा जोखून काठी देत. याची नजर चादरींवर तयार झालेली. मोजणीदारांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पंधरा यार्डांचा पत्ता त्यांना लागला. मागे अठरा पावलांवर स्पाची नवी खोली उभी होती. रंगही पुरता वाळला नसावा असा वास येत होता. खोली बांधायला जागा हवी म्हणून फटक्याची जागा पुढे सरकवली होती, आणि पाटी मात्र जुन्या आकड्यासकट उचलून नव्या जागेवर रोवली होती. हद्दीचा दगड हलवून सातबारा तसाच ठेवायचा, हा प्रकार मोजणीदारांनी आयुष्यभर पाहिला होता.

ते आठव्या होलकडे चालू लागले. संध्याकाळी वाळूवर बायकोने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. उन्हाचं असेल, ते म्हणाले.

चौथ्या दिवशी तिसरा चेंडू तळ्यात गेला, आणि हातमोजेसाहेबांनी खिशातून फोन काढून मॅनेजरला बोलावून घेतलं. मॅनेजर छोट्या बॅटरीगाडीतून आला, घाम पुसत.

"तीन दिवस हा माणूस मला चुकीची काठी देतोय," हातमोजेसाहेब म्हणाले. "माझा सात नंबरचा फटका एकशेचाळीस जातो. वीस वर्षं जातो. एक फूट इकडे नाही, एक फूट तिकडे नाही."

मॅनेजरने कॅडीकडे पाहिलं. "उद्यापासून लाँड्रीत जा," तो हळूच म्हणाला. कॅडीने मान हलवली, टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे न कळून हातातच धरली.

"पाच मिनिटं थांबा," मोजणीदार म्हणाले. "कोणी हलू नका. झेंडा तर अजिबात हलवू नका."

आणि ते वळून चालू लागले. एक, दोन, तीन. अठराव्या पावलाला ते स्पाच्या नव्या खोलीच्या मधोमध, गोल्फच्या चिखलट बुटांसकट, उभे होते.

आत मंद उजेड होता. लाकडी बाकावर पांढऱ्या झग्यात त्यांची बायको उताणी पडलेली, चेहऱ्यावर राखाडी मातीचा जाड लेप, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या. लेप लावणारी बाई शेजारी वाटी धुवत होती. ती दचकली.

"साहेब, इथे फक्त बायका…"

"अगं, मी आहे," मोजणीदार बाकाकडे बघून म्हणाले. बाकावरून घशातल्या घशात आवाज आला.

"मॅडम, बोलू नका," लेपवाली म्हणाली. "अजून बारा मिनिटं. तोंड हललं तर सगळ्याला भेगा जातील."

पस्तीस वर्षांत मोजणीदारांना सलग बारा मिनिटं कधी मिळाली नव्हती. पण त्यांना त्याचा आनंद घ्यायला सुचलं नाही.

"मी मोजलं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून मोजतोय. पाय मोजतात, मी नाही, असं म्हणणार होतो. पण पाय माझेच आहेत. सातव्या होलची पाटी खोटी आहे. तू जिथे पडली आहेस ना, तिथून झेंडा एकशेचाळीस यार्ड आहे. बाहेरच्या जागेवरून एकशे पंचवीस. आणि त्यापायी त्या कॅडीला पुन्हा इस्त्रीवर पाठवतायत. त्याची छाती धरते गं वाफेने. मॅनेजर माझ्या पावलांवर विश्वास ठेवणार नाही. कोणीच ठेवत नाही. टेप तुझ्याकडे आहे."

काकडीच्या चकत्या हलल्या नाहीत.

"अट मोडली ती मोडली," मोजणीदार म्हणाले. "तू ताईबरोबर खुशाल जा, सगळीकडे जा. मागे तिच्याकडे आठ दिवस गेली होतीस, तेव्हा मला करमेना. मी घरातल्या तिन्ही खोल्या पुन्हा मोजल्या. तेवढ्याच भरल्या, पण मोठ्या वाटत होत्या. हे तुला सांगितलं नव्हतं. आत्ता सांगतो, तुला बोलता येत नाही तोवर."

खोलीत कुठेतरी पाणी ठिबकत होतं. लेपवाली वाटी तशीच हातात धरून उभी होती. मग झग्याच्या बाहीतून बायकोचा हात वर आला आणि त्याने भिंतीवरच्या खुंटीकडे बोट दाखवलं. खुंटीला पर्स होती.

मोजणीदारांनी चेन उघडली, टेप काढली, आणि दाराकडे वळले. मागे बाक करकरला. त्यांनी वळून पाहिलं तर बायको उठून उभी होती, दोन्ही चकत्या एका मुठीत, दुसरा हात पुढे केलेला.

"मॅडम, लेप," लेपवाली काकुळतीला आली.

पण बायकोने तो हात तसाच पुढे ठेवला. मोजणीदारांना कळायला क्षण लागला. तिला टेपचं पितळी कडं हवं होतं. शून्याचं टोक.

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी घरासाठी जागेचा एक तुकडा घेतला होता, तेव्हा तो दोघांनीच मोजला होता. मोजणीत एक शिस्त असते. शून्याच्या टोकावरच्या माणसाने 'शून्य ठीक' म्हटल्याशिवाय दुसऱ्या टोकावरच्याने आकडा वाचायचा नाही. त्या दिवशी ती नवी साडी चिखलात खोचून प्रत्येक कोपऱ्यावर मोठ्याने म्हणाली होती, शून्य ठीक. त्यानंतर त्यांनी तिला कधी टेप धरायला बोलावलं नव्हतं. हाताखाली खात्याची माणसं होती. आपण तिच्याशिवाय मोजायला लागलो तेव्हापासून तिला मोजण्याचा राग येऊ लागला असेल, हा विचार त्यांना इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा शिवला, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

बाहेर मॅनेजर, हातमोजेसाहेब, कॅडी आणि गोळा झालेले सातआठ पाहुणे बघत राहिले. मातीच्या चेहऱ्याची, पांढऱ्या झग्यातली, अनवाणी बाई गवतातून चालत आली, फटक्याच्या जागेवर उकिडवी बसली आणि तिने पितळी कडं खुणेवर दाबून धरलं. मोजणीदार टेप सोडत गेले.

"शून्य ठीक?" त्यांनी पन्नास फुटांवरून विचारलं.

तिने काकडीची मूठ वर केली.

अशा सात टेपा झाल्या. दर वेळी ती उठून पुढे यायची, ते थांबलेल्या जागी बसायची, मूठ वर करायची. मॅनेजर मागून बोटांवर आकडा धरत होता. आठव्या टेपेला झेंडा आला, बरोबर अर्ध्यावर. मोजणीदार वाकले.

"शून्य ठीक?"

"शून्य ठीक," बायको खणखणीत म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर कानापासून कानापर्यंत भेगा गेल्या. मग तिला स्वतःचंच हसू आलं आणि हनुवटीचा अख्खा पोपडा गवतात पडला.

तीनशे पंचाहत्तर फूट. मॅनेजरने ते कागदावर भागून पाहिलं, मग फोनवर भागून पाहिलं. मग तो कॅडीकडे गेला आणि त्याच्या हातातली टोपी घेऊन त्याच्या डोक्यावर ठेवली. कॅडीने हातमोजेसाहेबांना नऊ नंबरची, कमी अंतराची काठी दिली. चेंडू झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला.

"मी म्हणत होतोच," हातमोजेसाहेब म्हणाले. "माझा फटका चुकत नाही."

मोजणीदारांचे कपडे त्या दुपारी धुऊन आले ते अशा कडक इस्त्रीचे, की पँटच्या घडीवर बोट कापावं. कोणी पाठवले, कोणी सांगितलं नाही. बारा वर्षांचा हात लपत नाही.

संध्याकाळी शेवटचं फिरणं होतं. बायकोच्या कानामागे अजून थोडी माती होती. आज तिने निघतानाच त्यांच्या कोपरात हात अडकवला, त्यामुळे त्यांना पुढे जाता येईना. ती बोलत होती. लेपवाली दुसरा लेप लावून देते म्हणून किती मागे लागली, ताईला हे सगळं फोनवर कसं सांगायचं, लेक ऐकून काय म्हणेल. मोजणीदार हूं हूं करत होते. पाण्याच्या कडेला ती थांबली.

"खोलीपासून इथवर किती पावलं झाली हो?"

त्यांनी तोंड उघडलं, आणि आत काहीच नव्हतं. त्यांनी पायांकडे पाहिलं. तिच्या आखूड पावलांच्या शेजारी त्यांचीही आखूड पावलं वाळूत उमटली होती, अगदी दारापासून, एका ओळीत.

"माहीत नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज थोडा घाबरल्यासारखा होता. "मोजलंच गेलं नाही. परत जाऊन मोजू का?"

बायकोने त्यांचा कोपर जरा घट्ट धरला.

"राहू दे आता," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी येऊ तेव्हा मोजू."